थरथर सुरू होण्याच्या आधी



वैद्यकावरच्या व्याख्यानाला लोक बहुधा एकच प्रश्न मनात घेऊन येतात: नवीन काय निघालं? पार्किन्सन्सच्या बाबतीत तो प्रश्न जास्तच आतुरतेने येतो. कारण श्रोत्यांपैकी कुणाचे तरी वडील, कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी जोडीदार सकाळची गोळी घेऊन तिचा असर होण्याची वाट बघत असतो. मी त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण थोडा वळसा घालून. माझं म्हणणं असं, की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या आजारात सर्वांत मोठी प्रगती झाली ती तो ओळखण्यात. औषधांची प्रगती तिच्या मागे आहे, बरीच मागे आहे. हात थरथरू लागला की आजार सुरू झाला, असं आपण धरून चाललो होतो. आता कळतंय की तोवर आजार कित्येक वर्षं जुना झालेला असतो. आणि एकाच नावाखाली वावरणारा हा आजार सर्वांमध्ये एकच नसतो, हेही कळतंय. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की औषधांच्या फसलेल्या चाचण्यांचा बराचसा उलगडा होतो. उद्या वर्तमानपत्रात ‘पार्किन्सन्सवर रामबाण’ असा मथळा आला तर तो कसा वाचायचा, हेही कळतं.

आधी जे साधलं आहे त्याबद्दल. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यांतले काही तर त्याने रस्त्यातच पाहिले होते. पण मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे कळायला त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षं गेली, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ही वनस्पती जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. हे औषध घेणाऱ्या काहींच्या हालचाली मंदावतात, अंग ताठ होतं, असं दिसू लागलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन देऊन निश्चल केलं आणि मग लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो पदार्थ, टोचून पुन्हा हालतं केलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ऑलेह होर्निकीविच यांना पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचा खडखडाट आढळला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी लेव्होडोपा तोंडावाटे, हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिला, आणि वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. रक्तदाबाच्या औषधाच्या एका दुष्परिणामातून या आजाराचं रसायन सापडलं. आपल्या पूर्वजांनी सर्पगंधा सांभाळली त्याचं हे फळ, असं म्हणून कुणी छाती फुगवणार असेल तर माझी हरकत नाही, पण पुढची वीस वर्षं काम कुणी केलं तेही लक्षात ठेवावं.

इथे हमखास एक आक्षेप येतो. ‘कंपवात आयुर्वेदात सांगितलेलाच आहे, खाजकुयलीचं बी सांगितलेलं आहे, मग ही रासायनिक गोळी कशाला?’ आक्षेप अगदीच पोकळ नाही. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतो, आणि तो तिच्यातून भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच वेगळा काढला होता. या बियांच्या चूर्णावर मुंबईच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात काम केलं आणि रुग्णांना फायदा झाल्याचं नोंदवलं. पण या वस्तुस्थितीचा अर्थ काय होतो? चूर्ण काम करतं ते त्यात हीच ‘रासायनिक गोळी’ असते म्हणून. फरक इतकाच, की सिंडोपासारख्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतो. तो लेव्होडोपाला रक्तातच खर्ची पडू देत नाही, त्यामुळे कमी मात्रेत भागतं आणि मळमळ आटोक्यात राहते. चूर्णात मात्रा किती गेली हे दर पुडीला बदलू शकतं. डॉक्टरांना न सांगता गोळीवर चूर्ण घेणारा माणूस लेव्होडोपाची जादा मात्रा घेत असतो, आणि मग अंग वेडंवाकडं हलू लागलं की दोष गोळीला देतो.

गोळीला दोष देण्याची ही सवय आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. ‘लवकर सुरू केली तर लवकर निकामी होते’, हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येतं, आणि डॉक्टरही ते बोलत आले आहेत. पुरावा काय सांगतो? नेदरलंड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिला, निम्म्यांना चाळीस आठवडे उशिरा. ऐंशी आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, पण बिघडलाही नाही. त्याआधी २०१४ मध्ये घानातले आणि इटलीतले रुग्ण ताडून पाहिले गेले. घानात औषध उशिरा मिळतं. तरीही गोळीचा असर मध्येच ओसरण्याचे ‘ऑफ’चे काळ दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. म्हणजे हे चढउतार गोळीच्या वयावर फारसे ठरत नाहीत, आजाराच्या वयावर ठरतात. मग गोळी लांबवून माणसाने वाचवलं काय? दोन वर्षं बटणं न लावता येण्यात घालवली, एवढंच.

डोपामिनच्या वाटेने पुढे आलेल्या सुधारणा मी भरभर सांगतो. त्या किरकोळ आहेत म्हणून नव्हे. त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत म्हणून. फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून मेंदूत तार बसवून विद्युत् स्पंद देण्याची डीबीएस पद्धत रुळवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तिच्या अशा रूपाला मान्यता मिळाली, जे मेंदूतल्या लहरी सतत वाचून त्यांच्याप्रमाणे स्पंद कमीजास्त करतं. कवटी न उघडता, एकवटलेल्या ध्वनिलहरींनी कंप थांबवण्याची सोय आली. लेव्होडोपाचं विरघळणारं रूप चोवीस तास कातडीखाली सोडणारा पंप ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. ज्याच्या दिवसाचे तीन-चार तास ‘ऑफ’मध्ये जातात, त्याच्यासाठी या गोष्टी दिवस परत मिळवून देणाऱ्या आहेत. पण यांतली एकही आजाराची चाल रोखत नाही. पेशी मरत राहतात, आपण त्यांची उणीव अधिकाधिक हुशारीने भरून काढत राहतो. मूळपेशींचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन अहवाल आले: अमेरिका आणि कॅनडातल्या बारा आणि क्योतोतल्या सात रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुजवल्या, त्या जगल्या, डोपामिन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. एकोणीस माणसांवरून एवढंच म्हणता येतं की पद्धत पुढे न्यायला हरकत नाही. आणि एक अडचण आहे, जी बातम्यांत येत नाही. पूर्वी गर्भपेशी रुजवलेल्या काही रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा, २००८ साली असं दिसलं की दहा-पंधरा वर्षांच्या त्या तरुण पेशींमध्येही पार्किन्सन्सची खूण असणारे पुंजके तयार झाले होते. आजार नव्या पेशींतही शिरला होता. तो शिरतो कसा?

या प्रश्नापाशी खरी कलाटणी आहे. १९९७ मध्ये दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका कुटुंबातला दोष सापडला. तो आल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात होता. त्याच वर्षी कळलं की फ्रिडरिश लेवी यांनी १९१२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले ते पुंजके याच प्रथिनाचे असतात. हे प्रथिन आपल्या सर्वांच्या मेंदूत असतं. त्याची घडी चुकली की ते चिकटून गोळा होतं, आणि चुकलेला एक रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही तशीच घडी घालायला लावतो. दुधात विरजणाचा थेंब पडल्यावर जे होतं तसंच हे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये अनेक मेंदू तपासून मांडलं की हे पुंजके आधी मेंदूच्या तळाशी आणि वासाच्या केंद्रात दिसतात, हालचालींच्या केंद्रात नंतर. मग रुग्णांच्या जुन्या तक्रारी नव्या अर्थाने वाचल्या जाऊ लागल्या. वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ. फोडणीचा वास न येणं. झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला गुद्दा बसणं. ही शेवटची तक्रार सर्वांत बोलकी आहे. ती निदान झालेल्या १,२८० लोकांचा जगभरातल्या २४ केंद्रांनी मागोवा घेतला. २०१९ मध्ये आलेल्या त्या हिशेबाप्रमाणे बारा वर्षांत अशा माणसांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या नात्यातला एखादा आजार होतो. स्वप्नात मारामारी करणारे आजोबा हा घरात चेष्टेचा विषय असतो. तो डॉक्टरांच्या कानावर घालायचा विषय आहे.

आता विरजणाकडे परत येऊ, कारण हा आजार ओळखण्याची नवी चाचणी नेमकी त्याच तत्त्वावर उभी आहे. पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढायचं, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं चांगलं सायन्यूक्लिन मिसळायचं, आणि ते लागतं का ते पाहायचं. लागलं, तर त्या पाण्यात चुकीच्या घडीचा थेंब होता. २०२३ मध्ये १,१२३ लोकांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पार्किन्सन्स असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत चाचणी लागली. जनुकदोष नसलेल्या आणि वास गेलेल्या रुग्णांत तर ९८ टक्क्यांहून अधिक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हालचाल अजून सुरळीत असलेल्या, पण वास गेलेल्या किंवा झोपेत हातपाय झाडणाऱ्या माणसांतही ती मोठ्या प्रमाणात लागली. २०२४ मध्ये कातडीचे तीन छोटे तुकडे तपासूनही असंच कळतं, असा अभ्यास आला. त्याच वर्षी संशोधकांच्या दोन गटांनी सुचवलं की आजाराची व्याख्याच बदलावी, कंप आणि ताठरपणा यांच्याऐवजी प्रथिनापासून सुरुवात करावी. दोनशे वर्षं हा आजार वैद्याच्या नजरेने ठरत होता. पहिल्यांदाच तो प्रयोगशाळेत ठरू शकतो.

यावर गंभीर आक्षेप आहेत, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पहिला आक्षेप शास्त्रज्ञांमधलाच. प्रथिनाचे पुंजके हे आजाराचं कारण कशावरून? राख आग लावत नाही. या बाजूने पुरावाही आहे. एलआरआरके-२ नावाच्या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या पार्किन्सन्समध्ये जवळजवळ एक तृतीयांश लोकांत ही चाचणी लागतच नाही. काहींच्या मेंदूत पुंजके सापडत नाहीत. आणि प्रथिनाला पकडणारी प्रतिद्रव्यं, ज्यांच्याकडून मोठी आशा होती, ती अपेशी ठरली: सिनपानेमॅब २०२२ मध्ये निष्प्रभ ठरलं, प्रासिनेझुमॅबने आधी आणि मग २०२४ च्या अखेरीस निष्कर्ष आलेल्या चाचणीतही मुख्य निकष गाठला नाही, जरी दुसऱ्या वेळी ते थोडक्यात हुकलं. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. मान्य असलेला अर्धा भाग असा, की सर्वांचा आजार प्रथिनातून सुरू होत नाही. कुणाचा पेशीच्या ऊर्जाकेंद्रातून, कुणाचा पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या यंत्रणेतून होत असावा. पण हा मुद्दा निदानाच्या विरोधात जातो की बाजूने? ज्या चाचणीमुळे ‘या माणसात प्रथिन चुकलेलं आहे, त्या माणसात नाही’ हे कळलं, तिच्यामुळेच आपण हा आक्षेप घेऊ शकतो. या दोघांना एकाच गटात बसवून एकच औषध दिलं आणि सरासरी काढली, तर ती सरासरी कोणाची?

फसलेल्या चाचण्यांची रांग या नजरेने पाहा. कोएन्झाइम क्यू-टेन, २०१४, फरक नाही. क्रिएटिन, २०१५, फरक नाही. रक्तदाबाचं इस्राडिपिन, २०२०, फरक नाही. इनोसिन, २०२१, फरक नाही. मधुमेहाचं एक्सेनाटाइड इंजेक्शन तर जिव्हारी लागलं: लंडनमध्ये २०१७ साली ६२ जणांच्या चाचणीत आशा दिसली आणि २०२५ मध्ये १९४ जणांच्या, ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीत ती मावळली. त्याचंच भावंड लिक्सिसेनाटाइड. फ्रान्समध्ये १५६ जणांना एक वर्ष दिलं. औषध घेणाऱ्यांची हालचाल जवळपास होती तशी राहिली, न घेणाऱ्यांची मोजपट्टीवर तीन गुणांनी घसरली, आणि औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मळमळ झाली. २०२४ चा हा निष्कर्ष अजून मोठ्या चाचणीत पारखायचा आहे. या सर्व चाचण्यांत दोन गोष्टी समान आहेत: माणसं निदानानंतर घेतली, म्हणजे डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा फार मोठा हिस्सा आधीच गेलेला; आणि ती लक्षणांवरून निवडली, मूळ बिघाडावरून नाही. औषधं खरोखरच कुचकामी असतील, तेही शक्य आहे. पण अशा मांडणीत चांगलं औषधही नापास झालं असतं, आणि ही गोष्ट मला औषधांच्या अपयशापेक्षा जास्त खटकते.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. उपाय हातात नसताना दहा वर्षं आधी सांगून काय साधणार? त्या माणसाने रोज आपला हात न्याहाळत बसायचं? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, निरोगी माणसाची सरसकट तपासणी करण्याच्या बाबतीत. उद्या एखादी खासगी लॅब ‘हेल्थ पॅकेज’मध्ये ही चाचणी विकू लागली तर ती घेऊ नये, असंच मी म्हणेन. मात्र ‘हातात काहीच नाही’ हे खरं नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषध अजून सुरू न झालेल्या १२८ रुग्णांपैकी ज्यांना आठवड्यातून साधारण तीनदा चांगला घाम निघेपर्यंत ट्रेडमिलवर चालवलं, त्यांची हालचाल सहा महिन्यांत जवळपास होती तशी राहिली; ज्यांनी काही केलं नाही त्यांची तीन गुणांनी घसरली. हे आकडे लिक्सिसेनाटाइडच्या आकड्यांसारखेच दिसतात. दोन चाचण्या अशा एकमेकींशी ताडून पाहू नयेत, हे मला ठाऊक आहे, आणि सहा महिन्यांवरून आजार रोखला असंही म्हणता येत नाही. पण एकावर मथळे झळकतात आणि दुसरं ‘जरा फिरायला जात जा’ म्हणून सोडून दिलं जातं, याचं मला नवल वाटतं.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला. तालुक्याच्या गावी न्यूरॉलॉजिस्ट नाही, आणि तुम्ही मणक्यातलं पाणी तपासायला सांगता? अजिबात सांगत नाही. मी सांगतोय ते बिनखर्चाचं आहे. खांदा आखडला म्हणून वर्षभर शेक घेणाऱ्या माणसाला चालताना त्याच बाजूचा हात हलतो का, एवढं पाहायला लॅब लागत नाही. वास, पोट आणि झोप यांबद्दल तीन प्रश्न विचारायला लागत नाही. आणि उलट बाजूने, कंप पावणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स ठरवण्याआधी त्याची औषधांची पिशवी उलटी करून पाहायला लागत नाही. ॲसिडिटीच्या गोळीत जोडीला येणारं लेव्होसल्पिराइड, उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि अर्धशिशीसाठी महिनोन् महिने चालू राहिलेलं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, ही औषधं डोपामिनचा रस्ता अडवून हुबेहूब पार्किन्सन्स उभा करतात. ती बंद केली की पुष्कळांचा त्रास ओसरतो. ज्याला आजारच नाही त्याला जन्मभराची गोळी लावणं, हीसुद्धा ओळखण्यातलीच चूक आहे. शेतीबद्दल विचारायलाही लॅब लागत नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पार्किन्सन्सला व्यवसायजन्य आजार मानलं. पॅराक्वाट या तणनाशकाचा या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे विकलं जातं. रुग्णाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय: शेती’ एवढंच लिहून थांबायचं, की पाठीवर फवारणीचा पंप किती वर्षं वागवला हेही विचारायचं?

या आक्षेपात एक रास्त भाग मात्र उरतो. ही नवी ओळख बहुतांश युरोपीय वंशाच्या माणसांवरून तयार झाली आहे. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा जनुकीय अभ्यास झाला तेव्हा जीबीए-१ या जनुकातला असा फरक सापडला, जो युरोपीय लोकांत जवळपास दिसतच नाही. तोवर कुणी शोधलंच नव्हतं. मुंबईतल्या पारशी समाजाचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १९८८ मध्ये आला होता. लाखामागे सुमारे ३२८ असं प्रमाण त्यात निघालं, जे भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा बरंच जास्त आहे. समाजाचं सरासरी वय जास्त, हे त्यामागचं मोठं कारण. जगातल्या रुग्णांची संख्या १९९० ते २०१६ या काळात २५ लाखांवरून ६१ लाखांवर गेली, आणि आपला समाजही म्हातारा होत चालला आहे. पुणे-मुंबईतल्या स्वमदत गटांनी शुभार्थी म्हणजे रुग्ण आणि शुभंकर म्हणजे त्यांची काळजी घेणारे, या दोघांना एकत्र आणून व्यायाम, नृत्य, गप्पा यांतून मोठं काम केलं आहे. याच गटांमधून संशोधनासाठी रक्त आणि माहिती द्यायला तयार होणारी माणसं उभी राहू शकतात. नाहीतर औषध तिकडे सिद्ध होईल, त्याला पात्र कोण हे तिकडच्या जनुकांवरून ठरेल, आणि आपण इथे नुसती किंमत विचारत बसू.

शेवटी एका औषधाकडे लक्ष ठेवा, असं सुचवतो. ॲम्ब्रोक्सॉल. खोकल्याच्या सिरपमध्ये असतं, कदाचित आत्ता तुमच्या घरच्या कपाटात असेल. तुम्ही ते पार्किन्सन्ससाठी घेऊ नका. खोकल्याला लागतं त्याच्या कितीतरी पट मात्रेत ते तपासलं जातंय. जीबीए-१ च्या दोषाने पेशीतली कचरा निस्तरणारी यंत्रणा मंदावते, तिला ते चालना देईल, असा तर्क आहे. ब्रिटनमध्ये त्याची अखेरच्या टप्प्याची, सुमारे दोन वर्षं चालणारी चाचणी सुरू आहे, आणि तिच्यात सहभागी होणाऱ्यांचं जनुक आधी तपासलं जातं. दोष असलेले आणि नसलेले, दोन्ही घेतले जातात. तिचा निष्कर्ष येईल तेव्हा मथळ्यात ‘यश’ किंवा ‘अपयश’ असा एक शब्द असेल. तुम्ही बातमी तिथे सोडू नका. दोष असलेल्यांचं काय झालं आणि नसलेल्यांचं काय, हे दोन आकडे वेगवेगळे दिले आहेत का, ते शोधा.